दोर हातात

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ताई चौथ्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्या. त्यामुळे भाऊजी कामावरून येतात ते आधी माझ्या दाराशी थांबतात. दाराबाहेर एक स्टूल ठेवलं आहे, ते त्यांच्यासाठीच. त्यावर बसून ते बूट काढतात, मोजे बुटात कोंबतात आणि समोरच्या भिंतीकडे नुसते बघत राहतात. मी पाणी आणून देते. ते पितात, "चला, अजून दोन मजले," म्हणतात, आणि तरीही पाच-सात मिनिटं बसूनच राहतात. त्यांच्या कपड्यांना वाळल्या गवताचा आणि लिदीचा वास येतो. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिला वाटायचं, सगळ्याच काकांना असा वास येत असतो.

भाऊजी घोड्यांची लॉरी चालवतात. अठ्ठावीस वर्षं झाली. या तबेल्यातला घोडा त्या तबेल्यात, कधी दवाखान्यात, कधी विकत घेणाऱ्याच्या दारात. "चालवणं सोपंच असतं हो," ते म्हणतात. "माल जिवंत असतो, ही पंचाईत. सिमेंटच्या पोत्याला भीती नाही वाटत."

कंपनीच्या आवारात त्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात. घोडा चढवताना, उतरवताना, वळण घेताना त्यांच्या तोंडी तो एकच शब्द, म्हणून टिंगलीत पडलेलं नाव. "सावकाश पोचला का?" असं कुणी विचारलं की बाकीचे हसतात. ताई म्हणते, "कंपनीला आत्ता कळलं. मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं." ते खरंच आहे. भाऊजींच्या गाडीतून कुठल्या समारंभाला जायचं म्हणजे वरातीमागून घोडं. आपण पोचेपर्यंत तिथे खुर्च्या उचलायला लागलेले असतात. शेजारच्या सीटवर काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आहे अशा बेताने ते गाडी हाकतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ब्रेक मारला की आपण दांडी धरतो. घोड्यानं काय धरायचं?"

पूर्वीही ते सावकाशच होते, पण इतके नव्हते. त्यांचा एक जोडीदार होता, आता त्याला डावरा म्हणतात. तो काही जन्माचा डावखुरा नाही. सहा वर्षांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हापासून डावरा.

ते कसं झालं हे कळायला एक साधी गोष्ट माहीत हवी. घोडा लॉरीत चढला की आधी त्याच्या मागे आडवा दांडा लावायचा, मग तोंडाकडचा दोर बांधायचा. उतरवताना उलटं. आधी दोर सोडायचा, मगच दांडा काढायचा. घोड्याला मागे मोकळं वाटलं की तो मागे सरतो. तेव्हा तोंड बांधलेलं असेल तर हिसका बसतो, आणि हिसका बसला की त्याला वाटतं, आता आपलं मरण आलं. "मग सगळी लॉरी घोड्याचीच होते," भाऊजी सांगतात. "माणसाला उभं राहायला जागाच उरत नाही."

तेव्हा आवारात रीत अशी होती की आतला माणूस दोर सोडून ओरडायचा, "सुटला!" की बाहेरचा दांडा काढायचा. त्या दिवशी डावरा आत होता, भाऊजी बाहेर दांड्यापाशी. शेजारी एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा. मागे दांडा खडखडल्यासारखा वाटला म्हणून डावऱ्याने आतून विचारलं, "सुटला का?" भाऊजींना ऐकू आलं, "सुटला." तो 'का' एवढासा, इंजिनाच्या घरघरीत विरून गेला. त्यांनी दांडा काढला. दोर लोखंडी कडीला निरगाठ मारून बांधलेला होता, आणि डावऱ्याची बोटं त्या कडीत.

घोडा फळीवरून, म्हणजे मागच्या उतरत्या झाकणावरून, पाठीवर पडला. त्याचं पुढे काय झालं ते भाऊजी सांगत नाहीत, मी विचारत नाही.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. दोर कडीला बांधायचा नाही. कडीत सुतळीचं एक वेटोळं अडकवायचं आणि दोर त्याला बांधायचा, तोही सुरगाठीने. घोड्याने जीव खाऊन ओढलं तर सुतळी तुटावी, मान नाही आणि बोटं तर नाहीतच. दुसरं म्हणजे, 'सुटला' हा शब्द लॉरीजवळ बंद. आतल्याने दोर सोडून हातात धरायचा आणि म्हणायचं, "दोर हातात." बाहेरच्याने तेच परत म्हणायचं, "दोर हातात." आतल्याने हो म्हटलं, मगच दांडा. या दोन शब्दांना 'का' जोडून कुणी विचारलं तरी हरकत नाही, कारण बाहेरच्याने ते परत म्हटलं की आतला हो किंवा नाही सांगतोच.

हे वेड घरीही आलं. ताईने एकदा "केस सुटले" म्हटलं तर ते दचकले. ताई कुठली ऐकून घेणार? म्हणाली, "पोट सुटलंय तुमचं, ते तरी म्हणू का?"

डावऱ्याला कंपनीने गेटवर बसवलं. भाऊजी रोज सकाळी लॉरी बाहेर काढताना त्याच्यापाशी क्षणभर थांबतात. तो विचारतो, "सुतळी घेतली?" ते मान हलवतात. सहा वर्षांत याहून जास्त बोलणं त्या विषयावर झालेलं नाही.

गेल्या वर्षी कंपनीत नवे साहेब आले. माणूस वाईट नाही. तरुण आहे, सडपातळ आहे, जेवण उभ्यानेच उरकतो. त्यांच्या फोनवर दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात आणि त्यातल्या निम्म्या उशिराच्या. त्यांनी हिशेब बसवला की एक घोडा चढवायला वीस मिनिटं. आवारातल्यांनी लगेच त्यांचं नाव मिनिटसाहेब ठेवलं. भाऊजींना उशिरासाठी दोनदा लेखी ताकीद मिळाली. तिसरी मिळाली की लॉरी दुसऱ्याकडे आणि भाऊजी गेटवर, असं साहेबांनी समोर बसवून सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"बरंच झालं की," मी स्टुलापाशी उभी राहून म्हटलं. "गुडघे दुखतात तुमचे. बोटं सकाळी वळत नाहीत. खुर्चीत बसून काढा दोन वर्षं."

ते मोजा हातात धरून बसले होते. "दमलोय हो मी," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर उद्या सोडीन. पण आपण खाली ठेवणं वेगळं आणि हातातून काढून घेणं वेगळं. आणि लॉरी घेणार तो खडीचा ट्रक चालवणारा. घोडा त्यानं चित्रात पाहिला असेल."

घडलं ते त्यानंतरच्या मंगळवारी. एक कुमैत घोडी, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, दुसऱ्या तबेल्यात न्यायची होती. अकराला तिथे जनावरांचे डॉक्टर तिला तपासायला येणार होते. उशीर नको म्हणून साहेब स्वतः लॉरीत बसून आले. घोडीच्या मागच्या पायाला, गुडघ्याखाली, वीतभर लांब जुना व्रण होता. भाऊजींनी तो आधी पाहिला, मग घोडीकडे पाहिलं.

"हिला कुणीतरी लॉरीत पाडलंय," ते मोतद्दाराला म्हणाले. मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा. हा त्या तबेल्याचा होता, घोडीसोबत पुढेही जाणार होता.

"असेल. मला नाही माहीत," मोतद्दार म्हणाला. "मागून झाडू दाखवू का? झाडूला भिऊन चढतात कधीकधी."

"भिऊन चढलेला घोडा भिऊनच उतरतो. झाडू ठेव."

लॉरी फरशीवर लावलेली होती. भाऊजींनी ती पुढे घेऊन मातीवर, भिंतीच्या कडेने उभी केली. म्हणजे एका बाजूला घोडीला पळायला वाट उरत नाही आणि खूर घसरत नाहीत. फळी खाली सोडली, ती हलते का ते स्वतः तिच्यावर उभं राहून पाहिलं. पोकळ आवाज येऊ नये म्हणून तिच्यावर गवत पसरलं. आत काळोख नको म्हणून पुढचं छोटं दार उघडलं. मधली फळकुटाची भिंत सरकवून जागा रुंद केली. हे सगळं होईपर्यंत साहेबांची बारा मिनिटं गेली होती, आणि घोडीने अजून पाऊलही उचललं नव्हतं.

मग ती फळीशी आली आणि थांबली. एक खूर वर ठेवला, काढला. पुन्हा ठेवला. भाऊजी तिच्या खांद्याशी उभे. दोर सैल, हाताला गुंडाळलेला नाही. तो कधीच गुंडाळायचा नसतो, नाहीतर घोडा जाईल तिकडे हातही जातो. ती मागे गेली की तेही मागे जात. ती थांबली की तेही थांबत.

"घोडं कुठं पेंड खातंय?" साहेबांनी विचारलं.

"इथंच खातंय साहेब, फळीवर," भाऊजी म्हणाले. "खाऊ द्या."

"चाळीस मिनिटं झाली."

"हो."

"मी यात काय करू शकतो?"

"तिच्या समोरून बाजूला व्हा. आणि ते घड्याळ चमकतंय, बाहीत घाला."

साहेबांनी खरंच बाही खाली ओढली. हे सांगताना भाऊजींना हसू आलं होतं.

एक तास दहा मिनिटांनी घोडीने लांब श्वास सोडला, मान खाली घातली आणि जणू तिचंच ठरलेलं असावं तशी चढून आत गेली. मोतद्दाराने बाजूला उभं राहून दांडा लावला. मग भाऊजींनी सुतळीला दोर बांधला. वाटेतही घाई केली नाही. साहेब शेजारी बसून फोनवर कुणाला तरी "निघालोय, पोचतोच" असं चार वेळा म्हणाले.

साडेअकराला पोचले. डॉक्टर गाडीला टेकून उभे होते. इंजिन बंद करून भाऊजी पुढच्या छोट्या दाराने आत गेले. घोडी थरथरत होती, पोटाखाली घाम. त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला, कारण त्यांच्या आखडलेल्या बोटांना मोज्यातून गाठ कळत नाही. सुरगाठीचं टोक ओढलं, दोर हातात घेतला. पण बोलले नाहीत. घोडी आधी शांत व्हावी, म्हणून तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

बाहेर मोतद्दाराने फळी खाली सोडली होती आणि तो दांड्यापाशी, बाजूला, वाट बघत होता. ठरलेलं होतं, "दोर हातात" ऐकल्यावरच. निघण्याआधी भाऊजींनी त्याच्याकडून ते तीनदा म्हणवूनही घेतलं होतं. साहेबांकडून म्हणवून घ्यायचं राहिलं. साहेबांना कोण शिकवणार?

साहेब लॉरीला वळसा घालून मागे आले. एक कान फोनला, समोर डॉक्टर. त्यांनी मोतद्दाराला घाईने विचारलं, "सुटली का?"

मोतद्दाराला ऐकू आलं, "सुटली." साहेबांनीच म्हटल्यावर तो कशाला थांबतो?

दांडा निघाल्याचा खडखडाट आला तेव्हा भाऊजींना कळलं, हा आवाज त्यांनी आधी ऐकलेला आहे. घोडी मागे झेपावली. दोर ओढून धरला असता तर तिने डोकं वर फेकलं असतं, छताला आपटली असती आणि उताणी पडली असती. त्यांनी ओढला नाही. सोडूनही दिला नाही, नाहीतर मोकळा दोर पायात अडकून ती तोंडावर आली असती. फक्त हातातून जाऊ दिला. आठ हात दोर तळव्यातून सरसरत गेला आणि शेवटचं टोक सुटेपर्यंत घोडी चारी पायांवर मातीत उभी होती.

मग ती आवारात धावली. "सुटली! सुटली!" सगळे ओरडले. आता तो शब्द बरोबर होता. ती दोन चकरा मारून भिंतीकडेच्या गवताशी थांबली आणि खायला लागली. मोतद्दार पांढराफटक. साहेबांचा फोन मातीत पडलेला. डॉक्टरांनी घोडीचे पाय दाबून पाहिले आणि म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. त्यांचा हात बघा."

संध्याकाळी भाऊजी स्टुलावर बसले आणि बूट काढेनात. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं तर तळव्याची कातडी सोलून निघालेली, वर कुणाचा तरी रुमाल. ताईला रक्त बघवत नाही, म्हणून पट्टी मीच करत गेले, रोज. ही सगळी हकीकत मला पट्टीपट्टीला थोडी थोडी कळली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत कागद भरायचा होता. काही घडलं की भरावाच लागतो. साहेबांनी लिहिलं होतं, 'उतरवताना घोडी सुटली.' एवढंच. खाली चालकाचं म्हणणं लिहायला दोन ओळींची जागा.

"खरं लिहा," ताई म्हणाली होती. "साहेब मध्ये बोलले, त्यानं दांडा काढला. लिहा सगळं. जिथल्या तिथे."

भाऊजींनी डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात लिहिलं, 'दोर माझ्या हातात होता.'

साहेबांनी वाचलं. "म्हणजे चूक कबूल आहे तुम्हाला?"

"लिहिलंय ते खरं आहे."

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, म्हणे. त्यांनाही त्या क्षणाचं काहीतरी आठवत असावं, पण ते कोणत्या रकान्यात लिहायचं हे कळत नसावं. शेवटी सही केली. उशीर आणि घोडी सुटणं, दोन्ही एकाच दिवशी. लॉरी गेली.

ताई इतकी संतापली की त्या रात्री ती माझ्याकडे झोपायला आली. सकाळी मी भाऊजींची पट्टी सोडताना ती दारात उभी राहून म्हणाली, "का नाही सांगितलंत? त्या मोतद्दाराचं तुम्ही काय देणं लागता?"

भाऊजी हाताकडे बघत होते. "त्याच्यावर कसं ढकलू? मीही एकदा असंच ऐकलं होतं."

ताई आत गेली. तिने चहाचं आधण ठेवलं, माझ्याच घरात, माझ्याच पातेल्यात, आणि साखर विसरली. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला.

तो कागद डावऱ्याने वाचला होता. सही झालेले कागद मुख्य ऑफिसात तोच पोचवतो. संध्याकाळी तो भाऊजींकडे आला, चार मजले चढून. पायऱ्यांवर दोनदा थांबला असेल. दारात उभ्या उभ्या म्हणाला, "वाचलं." भाऊजी म्हणाले, "बस." तो बसला. दोघांनी तासभर बातम्या बघितल्या.

आठवड्याने भाऊजी चष्मा घरी विसरले, म्हणून मी तो द्यायला कंपनीत गेले. गेटच्या टपरीएवढ्या खोलीत आता दोन खुर्च्या होत्या. डावरा गाड्यांचे नंबर बघत होता. भाऊजी पाय लांब करून, बूट काढून, डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. मला बघून म्हणाले, "बसा. इथं दोन मजले नाहीत." चेहरा मात्र चार मजले चढल्यासारखाच होता. बसून राहण्यानेही माणूस दमतो, हे मला तेव्हा कळलं.

इतक्यात आवाराच्या टोकाकडून एक रुंद खांद्यांचा माणूस धावत आला. लॉरीचा नवा चालक, तोच खडीवाला.

"काका, तो पांढरा घोडा अर्धा चढून उभा राहिलाय. पुढं नाही, मागं नाही. साहेब म्हणाले, सावकाशना विचार."

"झाडू दाखवला?"

त्याने मान खाली घातली.

"किती वेळ झाला?"

"पस्तीस मिनिटं."

"मग आहे अजून वेळ," भाऊजी म्हणाले. "दांड्यापाशी कोण आहे?"

"त्या घोड्याचाच मोतद्दार आहे."

"त्याला जाऊन सांग, मी येईपर्यंत कशाला हात लावू नको. आणि पळत जाऊ नको, घोडा बघतोय."

तो चालत गेला. भाऊजींनी बूट ओढले, पाय घातले. लेस बांधायला वाकले, पण उजवा हात पट्टीत. डावा एकटा काय बांधणार? मी पुढे होणार तोच डावरा गुडघ्यावर बसला. त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं. दोघांचे मिळून धड हात दोनच, दोन्ही डावे. एकाने टोक धरलं, दुसऱ्याने फास केला. फास निसटला. पुन्हा केला.

"घट्ट ओढ," डावरा म्हणाला.

"निरगाठ मारू नको हं," भाऊजी म्हणाले.

"नाही रे बाबा, सुरगाठच आहे."

दुसऱ्या बुटाची लेस बांधायला आणखी थोडा वेळ लागला. मग भाऊजी गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्या हातातून चष्मा घेतला आणि आवार ओलांडून निघाले, सावकाश.